फरशीवरचा सेनापती

एच. जी. वेल्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? काळात मागे-पुढे जाणारं यंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरून उतरलेली तीन पायांची यंत्रं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी ह्या गोष्टी रॅपिड रीडरमध्ये वाचलेल्या असतात, बाकीच्यांनी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये सिनेमे पाहिलेले असतात. पण मला ज्या वेल्सबद्दल लिहायचंय तो जरा वेगळा आहे. चाळिशीच्या आसपासचा, भरघोस मिशांचा हा जगप्रसिद्ध लेखक घराच्या जमिनीवर पालथा पडलाय आणि एक डोळा मिटून खेळण्यातल्या तोफेचा नेम धरतोय. समोर फळ्यांचे डोंगर आहेत. काही फळ्यांना भोकं पाडलीत, त्यांत बागेतल्या डहाळ्या खोचल्यात. ते झालं जंगल.

आणि हो, ह्या लेखात मी त्याला अरे-तुरेच करणार आहे. जो माणूस फरशीवर लोळून शिशाचे सैनिक खेळतो त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. स्टाफने कृपया राग मानू नये.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६चा, लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावातला. घरी त्याला बर्टी म्हणत. वडील जोसेफ ह्यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं आणि क्रिकेटच्या सामानाचं दुकान होतं. ते कधीच नीट चाललं नाही, पण वडील गोलंदाज मात्र भारी होते. १८६२मध्ये त्यांनी केंटकडून ससेक्सविरुद्ध लागोपाठ ४ चेंडूंत ४ बळी घेतले होते. (आपल्या डिपार्टमेंटच्या मॅचमध्ये असं कोणी केलं तर वर्षभर त्याला मेसमध्ये फुकट चहा मिळेल.) घरात पैसा यायचा तो बराचसा ह्या क्रिकेटमुळे. बर्टी ७ वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या-पडल्या त्याला वाचनाचं व्यसन लागलं. तीन वर्षांनी, १८७७मध्ये, वडिलांचाच पाय मोडला आणि क्रिकेट संपलं. एका मोडलेल्या पायाने मुलगा घडला आणि दुसऱ्याने घर बसलं, असं मला हे वाचताना वाटलं.

मग आई अपपार्क नावाच्या एका मोठ्या घराण्याच्या वाड्यात हाउसकीपर म्हणून नोकरीला लागली आणि बर्टीला कापडाच्या दुकानात उमेदवारीला पाठवलं गेलं. साउथसीच्या दुकानात तो दोन वर्षं होता. दिवसाला १३-१३ तास काम, राहायला इतर पोरांबरोबर एकच डॉर्मिटरी, कापडाचे तागे उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. एका रविवारी तो उठला आणि आईला भेटायला १७ मैल चालत गेला. मी इथे परत जाणार नाही, हे सांगायला. आईने करार केलेला, पैसे भरलेले. तरी शेवटी तिने ऐकलं. पुढे मिडहर्स्टच्या शाळेत तो शिकता-शिकता शिकवू लागला आणि तिथून १८८४मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये आला. ते कॉलेज आज इम्पीरियल कॉलेजचा भाग आहे.

आता इथून पुढचा भाग आपल्या अगदी जवळचा. शिष्यवृत्ती आठवड्याला एक गिनी, म्हणजे राहणं-खाणं कसंबसं भागायचं. पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला खुद्द टी. एच. हक्सली होते, डार्विनची बाजू घेऊन सगळ्या इंग्लंडशी भांडलेले. वेल्स झपाटून गेला आणि पहिल्या वर्गात पास झाला. दुसऱ्या वर्षी फिजिक्स. शिकवणारे बदलले आणि वेल्सचा इंटरेस्ट गेला. तिसऱ्या वर्षी जिऑलॉजी, आणि १८८७च्या शेवटच्या परीक्षेत महाशय चक्क नापास! लेक्चर बुडवून तो करत काय होता? तर डिबेटिंग सोसायटीत भाषणं ठोकत होता आणि कॉलेजचं मासिक काढत होता. ‘सायन्स स्कूल्स जर्नल’ हे ते मासिक, १८८६मध्ये सुरू झालेलं, पहिला संपादक वेल्स. १८८८मध्ये त्याच मासिकात त्याची एक गोष्ट क्रमशः छापून आली, ‘द क्रॉनिक आर्गोनॉट्स’. काळातून प्रवास करणाऱ्या यंत्राची. तीच कल्पना पुन्हा पुन्हा घासून-पुसून १८९५मध्ये ‘द टाइम मशीन’ झाली. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आपल्या अंकासाठी साहित्य मागायला संपादक मंडळ रूमवर येतं तेव्हा आतून कडी लावून घेऊ नका!

नापास झाल्यावर त्याने वेल्समधल्या एका शाळेत नोकरी धरली (माणूस वेल्स आणि प्रांतही वेल्स, माझा काही इलाज नाही). तिथे फुटबॉल खेळताना त्याची किडनी जबर दुखावली. पुढची कित्येक वर्षं रक्त, ताप, आज जगतो की उद्या, असं चाललं. ह्या आजारपणातच १८९०मध्ये त्याने लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात मिळवली. पुढच्याच वर्षी चुलतबहीण इझाबेलशी लग्न केलं, ते मोडलं, आणि १८९५मध्ये एमी कॅथरीन रॉबिन्सशी दुसरं लग्न केलं. तिला तो जेन म्हणायचा. ‘टाइम मशीन’नंतर ‘डॉ. मोरो’, ‘इन्व्हिजिबल मॅन’, ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ अशी रांगच लागली. पैसा आला. केंटच्या किनाऱ्यावर सँडगेटला त्याने व्हॉयसी ह्या नामवंत आर्किटेक्टकडून स्पेड हाउस नावाचं घर बांधून घेतलं. १९०१मध्ये मोठा मुलगा जॉर्ज फिलिप झाला, त्याला सगळे गिप म्हणत. १९०३मध्ये फ्रँक झाला. आणि घरात खेळणी आली.

वेल्सने ह्या खेळांवर दोन छोटी पुस्तकं लिहिली. १९११चं ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३चं ‘लिटल वॉर्स’. पहिल्यात युद्ध नाही. जमिनीवर लाकडी ठोकळे, फळ्या, माणसांची चित्रं मांडून बेटं आणि शहरं वसवायची, एवढंच. दुसऱ्यात मात्र लढाई आहे आणि आज जगभर जे हौशी लोक छोट्या सैनिकांचे वॉरगेम्स खेळतात ते ह्या पुस्तकाला आद्यग्रंथ मानतात.

सुरुवात झाली ती जेवणानंतर. एक मित्र आला होता, पुस्तकात त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, जे. के. जे., म्हणजे ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम. ह्या मंडळींना एक स्प्रिंगची तोफ सापडली. ब्रिटन्स कंपनीची ही तोफ सुमारे इंचभर लांबीची लाकडी नळकांडी फेकायची, आणि नेम असा की ९ यार्डांवरून १०पैकी ९ वेळा शिशाचा सैनिक आडवा. मग सैनिक मांडले, आडोशाला एनसायक्लोपीडियाचे जाडे खंड ठेवले आणि युद्ध सुरू. पण तेवढ्यात घरात पाहुण्या बायका आल्या, आणि वेल्स तक्रार करतो की त्यांनी जमिनीवरच्या त्या पसाऱ्याकडे तुच्छतेने पाहिलं, कारण म्हणे बायकांना कल्पनेतल्या गोष्टींची कदर नसते! पुस्तकाच्या लांबलचक नावातही तो मोठ्या उदारपणे सांगतो की हा खेळ १२ ते १५० वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या त्यातल्या त्यात हुशार मुलींसाठीही. धन्यवाद, वेल्ससाहेब. गर्ल्स हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तुमचं हे वाक्य फार मनावर घेतलं आहे.

एनसायक्लोपीडियाचे खंड गेले आणि खरा भूप्रदेश आला. फळ्या आणि ठोकळे एकावर एक रचून डोंगर. खडूने जमिनीवर आखलेल्या नद्या. पुठ्ठ्याची रंगवलेली घरं. आणि भोकं पाडलेल्या फळ्यांत डहाळ्या खोचून झाडी. खेळ संपला की डहाळ्या उपटायच्या, फळ्या रचून ठेवायच्या, आणि पुढच्या वेळी त्याच फळ्यांतून वेगळाच मुलूख उभा करायचा. आज ह्याला मॉड्युलर टेरेन म्हणतात. ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. प्रशियात राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२मध्ये राजाला एक टेबल भेट दिलं होतं, त्यात भूभागाचे चौकोनी तुकडे होते आणि ते हवे तसे मांडता यायचे. पुढे त्याच्या मुलाने त्यात सुधारणा केल्या आणि त्यातून लष्करी अधिकाऱ्यांचा क्रीगस्पील हा खेळ झाला, नकाशे, फासे आणि पंच असलेला. वेल्सला तो कंटाळवाणा वाटायचा. एकदम मान्य!

आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात, तो आठवा. माती, दगड, पोती, वर मोहरी-अळीव पेरून उगवलेलं हिरवंगार, आणि बाजारातून आणलेले मावळे. दिसायला तो वेल्सच्या जंगलापेक्षा कितीतरी देखणा. पण आपल्या किल्ल्यावर लढाई होत नाही. महाराज सिंहासनावर, मावळे पहाऱ्यावर, लोक येऊन बघून जातात. वेल्सचा प्रदेश बघण्यासाठी नव्हताच, त्यात हात घालून सैनिक हलवायचे होते. म्हणून झाड खोचलेलं हवं, चिकटवलेलं नको. सैनिकांची तुकडी झाडीत शिरली, हात जाईना, तर डहाळी उपटा, सैनिक ठेवा, डहाळी परत लावा. आजही जंगलाच्या बोर्डवर झाडं सुटी ठेवतात ती ह्याच कारणासाठी.

हे वाचून आम्ही तिघींनी गेल्या सत्रात एक जंगल केलं. वर्कशॉपमधून उरलेल्या प्लायचे एक फूट चौरसाचे ९ तुकडे मिळाले. चारही कडांची जाडी सारखी राहिली पाहिजे, नाहीतर सांध्यावर सैनिक कलंडतात. आणि पायवाट प्रत्येक वेळी कडेच्या बरोबर मध्यावर बाहेर पडली पाहिजे, म्हणजे कुठलीही फळी कुठल्याही फळीशेजारी बसते. मधे डोंगर करा, तळं करा, काय वाट्टेल ते करा, कडा मात्र ठरल्याप्रमाणे. इंटरफेस म्हणजे काय हे मला लेक्चरपेक्षा इथे जास्त कळलं. ९ फळ्या ३ बाय ३मध्ये मांडायच्या आणि प्रत्येक फळी चार दिशांना फिरवता येते, तर किती वेगवेगळी जंगलं होतील? अख्खा नकाशाच फिरवल्याने होणारे सारखे प्रकार वगळले तरी २,३७८ कोटींच्या वर. कॅल्क्युलेटर काढून बघा. डहाळ्यांचं म्हणाल तर गुलमोहोराची पानं लगेच मलूल होतात, सुरूची डहाळी मात्र दिवसेंदिवस टिकते आणि हुबेहूब पाइनसारखी दिसते.

पण वेल्सच्या जंगलाची खरी गंमत मला खेळताना समजली. इतर बऱ्याच वॉरगेम्समध्ये झाडीत लपलेल्या सैनिकाला नेम लागायची शक्यता कमी, असा नियम असतो, आणि मग फासे टाकून ठरवतात. वेल्सच्या खेळात फासाच नाही. नळकांडी खरोखर उडते आणि मधे खरोखर डहाळी असली तर अडते. वेगळा नियम लिहायची गरजच नाही, झाड हाच नियम. नियम लिहावे लागले ते माणसांचे. पायदळ एका खेळीत १ फूट, घोडदळ २ फूट. अंतर मोजायला दोरीचे तुकडे. खेळी घड्याळ लावून, उशीर झाला की संपली. सैन्य मांडताना मधे पडदा. तोफा फारच माजल्या तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धावरून आलेला एक कॅप्टन आणि त्याचा भाऊ मदतीला आले आणि नियम झाला की तोफेच्या ६ इंचांच्या आत ४ माणसं असतील तरच ती उडेल किंवा हलेल, आणि एका खेळीत गोळे चारच.

आता प्रश्न असा की युद्धाचा तिटकारा असलेला माणूस युद्धाचा खेळ का लिहितो? वेल्सने उत्तर दिलंय. पुस्तकाच्या शेवटी तो सांगतो की हा खेळ तीन-चारदा खेळा, मग खऱ्या युद्धात किती गोंधळ होत असेल ते तुम्हाला कळेल. त्याने लष्करातल्या बड्या अधिकाऱ्यांना आपल्या फरशीवर खेळायला बसवलं होतं आणि हे साध्या नियमांतच गडबडतात हे पाहिलं होतं. मग तो सुचवतो की सगळे युद्धखोर राजे आणि आरडाओरडा करणारे देशभक्त उचलून एका मोठ्या हॉलमध्ये कोंडावेत, खाली कॉर्कचं जाजम, आणि पाडायला भरपूर छोटी झाडं, छोटी घरं. खेळा काय खेळायचं ते. आम्हाला जगू द्या.

हे १९१३मध्ये छापलं गेलं. वर्षभरात, ऑगस्ट १९१४मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आणि तेव्हा वेल्सने काय केलं? त्याने युद्धाला पाठिंबा दिला. जोरात दिला. लागोपाठ लेख लिहिले आणि त्यांचं पुस्तक काढलं, ‘द वॉर दॅट विल एंड वॉर’. हे युद्ध सगळी युद्धं संपवेल, हा त्याचा दावा. मला इथे त्याचा राग येतो, स्पष्टच सांगते. फरशीवर ४ माणसांवाचून तोफ हलत नाही हे ज्याला माहीत, ठरवलेला प्रत्येक बेत तिसऱ्या खेळीत कोसळतो हे ज्याने शंभरदा पाहिलं, त्याला बाकीच्यांसारखं वाहवत जायचा हक्क नव्हता. आमची रूममेट म्हणते की बाहेर ढोल वाजायला लागले की कोणीही वाहवतं. असेल. पण कोणीही ‘लिटल वॉर्स’ लिहीत नाही.

१९१६मध्ये तो इटली आणि फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आला. त्याच वर्षी त्याची ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी आली, एसेक्समध्ये राहणाऱ्या एका लेखकाची, ज्याचा मुलगा युद्धात मारला जातो. वेल्सची स्वतःची मुलं तेव्हा १५ आणि १३ वर्षांची होती, म्हणून वाचली. ती कादंबरी तेव्हा प्रचंड खपली. १९१८मध्ये सरकारी प्रचारखात्यातही त्याने काही महिने काम केलं आणि तिथेच राष्ट्रसंघाच्या कल्पनेचा ध्यास घेतला.

त्याच काळातलं आणखी एक. ‘लिटल वॉर्स’ छापलं गेलं त्याच १९१३मध्ये तो ‘द वर्ल्ड सेट फ्री’ लिहीत होता. त्यात विमानातून टाकायचे अणुबॉम्ब आहेत, ह्याच नावाने. १९३२मध्ये लिओ झिलार्ड ह्या शास्त्रज्ञाने ते पुस्तक वाचलं, १९३३मध्ये लंडनमध्ये त्याला न्यूक्लिअर चेन रिअॅक्शनची कल्पना सुचली, आणि त्याने तिचं पेटंट ब्रिटिश नौदलाकडे सोपवलं, कारण वेल्समुळे त्याला पुढचं दिसत होतं. एकाच वर्षी एकाच टेबलावर शिशाच्या सैनिकांचे नियम आणि अणुबॉम्ब.

वेल्सला देव करायची माझी इच्छा नाही. १९०१च्या ‘अँटिसिपेशन्स’मध्ये वंश आणि दुबळी माणसं ह्यांच्याबद्दल त्याने जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. जेनला त्याने आयुष्यभर त्याच्या इतर प्रेमप्रकरणांसकट सांभाळून घ्यायला लावलं. लेखिका रिबेका वेस्टपासून त्याला अँथनी हा मुलगा झाला, ४ ऑगस्ट १९१४ला, नेमका ब्रिटन युद्धात उतरला त्या दिवशी. त्या मुलाबरोबर फरशीवर खेळायला वेल्स रोज घरी नव्हता.

उरलेलं आयुष्य भराभर सांगते, कारण पानं संपत आलीत. १९२०मध्ये जगाचा इतिहास लिहिला, ‘द आउटलाइन ऑफ हिस्टरी’. पंडित नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला लिहिलेल्या पत्रांत ह्या पुस्तकाचा उपयोग झाला. लेनिनला भेटला, स्टालिनला भेटला. जेन १९२७मध्ये कॅन्सरने गेली. गिप प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि बाप-लेकांनी ज्युलियन हक्सलीबरोबर ‘द सायन्स ऑफ लाइफ’ लिहिलं. हा ज्युलियन म्हणजे वेल्सच्या त्या पहिल्या वर्षाच्या सरांचा नातू. वेल्सला स्वतःला मधुमेह होता, म्हणून १९३४मध्ये डॉ. लॉरेन्सबरोबर त्याने मधुमेहींची संघटना काढली, ती आज डायबिटीस यूके नावाने काम करते. आणि ‘फ्लोअर गेम्स’? ते मार्गारेट लोवेनफेल्ड ह्या डॉक्टरबाईंना आठवलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या आपल्या दवाखान्यात त्यांनी मनाने दुखावलेल्या मुलांसमोर वाळूचा ट्रे आणि छोटी माणसं, घरं, झाडं ठेवली आणि जे बोलता येत नाही ते मांडून दाखवायला सांगितलं. त्यातूनच पुढे सँडप्ले ही उपचारपद्धती निघाली.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना वेल्स हॅनोव्हर टेरेसमधलं आपलं घर सोडून गेला नाही. वय सत्तरीच्या पुढे, तब्येत खालावलेली. हिरोशिमाची बातमी त्याने जिवंतपणी ऐकली. त्यानंतर वर्षभराने, १३ ऑगस्ट १९४६ला, तो त्याच घरात गेला. त्याची रक्षा दोन मुलांनी होडीतून नेऊन समुद्रात सोडली. एक गिप, दुसरा अँथनी.